नव्या वर्षाचा आहार-संकल्प फेब्रुवारीत का मोडतो आणि तो कसा टिकवायचा

आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर गेल्या वर्षी १ जानेवारीला एक कार्डशीट लागले होते. भीमा कोरेगावला मानवंदना देऊन परतलेली मुले-मुली रात्री तिथेच थांबली होती. दिवस वडापाव आणि बिस्किटांवर निघाला होता, पोटात जळजळ होती आणि नवे वर्षही होते. त्या भरात प्रत्येकाने आपला संकल्प लिहिला. 'साखर बंद', 'वडापाव बंद', 'रात्रीचा भात बंद', 'मैदा बंद', 'चहा फक्त सकाळी'. खाली सह्या केल्या, आम्हीही केल्या. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतरची जिलेबी त्याच कार्डशीटखाली वाटली गेली आणि कोणालाही काही खटकले नाही. फेब्रुवारीत त्या कार्डशीटच्या पाठीवर स्पर्धा परीक्षेचे वेळापत्रक लिहिले गेले.

ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. चाळीस वर्षे मोर्चे, बैठका, जयंती समित्या यांत घालवलेला माणूस. मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक होते, गोळ्याही चालू होत्या. पण प्रत्येक घरी चहा पुढे आला की तो नाकारणे त्यांना त्या घराचा अपमान वाटायचा. दवाखान्यात ते आम्हाला म्हणाले, "चळवळीने मला खूप दिलं, पण जेवायची वेळ तेवढी दिली नाही." त्यानंतर आम्ही या विषयाकडे जरा गांभीर्याने पाहू लागलो. जे वाचले, जे करून पाहिले आणि जे फसले, ते इथे मांडत आहोत.

संकल्प करणे वेडेपणा नाही

नव्या वर्षाच्या संकल्पांची थट्टा करण्याची पद्धत आहे. संशोधन मात्र वेगळेच सांगते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गटांची तुलना केली. दोन्ही गटांतल्या लोकांना स्वतःत बदल हवाच होता. फरक एवढाच की एका गटाने नव्या वर्षाचा संकल्प केला होता, दुसऱ्याने नाही. सहा महिन्यांनी संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक आपल्या शब्दावर टिकून होते. संकल्प न करणाऱ्या गटात हे प्रमाण फक्त ४ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक संकल्प मोडतात हे खरे, पण इच्छा असूनही संकल्प न केलेला माणूस जागचा हलतच नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा अभ्यास स्वीडनमधला, २०२० साली प्रसिद्ध झालेला. त्यात हजाराहून अधिक लोकांना वर्षभर विचारणा केली गेली. 'अमुक करीन' असा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी वर्षअखेरीस आपण यशस्वी झाल्याचे सांगितले. 'अमुक सोडीन' म्हणणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के निघाले. हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेले आहे, त्यामुळे थोडे मीठ चोळूनच घ्यावे. तरी आमच्या कार्डशीटकडे पुन्हा पाहिले तेव्हा त्यावर बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: बंद. काय खायचे हे कोणीच लिहिले नव्हते. भूक लागल्यावर 'बंद' हा शब्द खाता येत नाही.

तारखेचेही थोडे सांगायला हवे. २०१४ साली हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवून दिले की आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा पहिला दिवस, वाढदिवस अशा वळणाच्या दिवसांनंतर माणसे नव्या गोष्टींकडे जास्त वळतात. मागचा चुकार मी वेगळा आणि आजचा मी वेगळा, असे मनाला वाटते. आपल्याकडे असे दिवस काही कमी नाहीत. १ जानेवारी हुकली तर ३ जानेवारी आहे, दर महिन्याची पौर्णिमा आहे, १४ एप्रिल आहे. जानेवारीत मोडलेला संकल्प पुढच्या जानेवारीपर्यंत गुंडाळून ठेवायचे काही कारण नाही.

पण चांगले खाणे म्हणजे नेमके काय

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात १७ सूचना आहेत. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला असल्याचा अंदाज या मार्गदर्शिकेत दिला आहे. दिवसाला साधारण २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ३०० मिली दूध किंवा दही असावे, असे ती सुचवते. एकूण उष्मांकांपैकी धान्यातून येणारा वाटा ४५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, साखर २० ते २५ ग्रॅमपर्यंत.

ग्रॅम वाचून घरात काहीच बदलत नाही, म्हणून आम्ही हे आकडे महिन्याच्या किराणा यादीत बसवून पाहिले. चार मोठ्या माणसांचे घर धरा. माणशी ५ ग्रॅमने महिन्याला ६०० ग्रॅम मीठ होते. म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी दीड महिन्याच्या पुढे जायला हवी, आणि तीही पापड, लोणचे, फरसाण, सुकट यांतले मीठ बाजूला ठेवून. साखरेची वरची मर्यादा महिन्याला तीन किलो, त्यात बिस्किटे आणि कोल्ड्रिंकमधली साखरही आली. तेल साधारण सव्वातीन किलो. आणि डाळ-कडधान्य? दहा किलोच्या वर! हा शेवटचा आकडा आम्ही बचत गटाच्या बैठकीत सांगितला तेव्हा बायका हसल्या. आमच्याकडे चार माणसांच्या घरात डाळ दोन-तीन किलो भरली तरी पुष्कळ. वरणात डाळ शोधावी लागते आणि बटाटा ही भाजी समजली जाते. पोषणाच्या हिशेबात बटाटा भाज्यांत धरत नाहीत, तो भाताच्या पंक्तीत बसतो.

म्हणून आपल्याकडे चांगल्या आहाराचा पहिला अर्थ 'कमी खा' असा होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा जाड निघाल्या. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, आईला साखर आणि मुलीला रक्त कमी अशी स्थिती असते. दोघींनी एकच 'डाएट' करून चालणार नाही. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन ९ आहे तिने मोबाइलवर पाहून रात्रीचे जेवण सोडले तर तो आरोग्याचा संकल्प नव्हे. बारा ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर स्त्रीला रक्तक्षय आहे असे धरतात. संकल्प लिहिण्यापूर्वी ही एक तपासणी करून घ्यावी. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, ती आई-वडिलांना धरून न्यावी.

लोहाबाबत दोन साध्या गोष्टी माहीत असाव्यात. पालेभाजीतले आणि कडधान्यातले लोह लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांच्या सोबतीने अंगाला जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते. म्हणजे मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायचे आणि चहा तासभर पुढे ढकलायचा, एवढ्याने पैसा न घालता फरक पडतो. मटण, कलेजी, मासे यांतले लोह शरीर सहज घेते.

जिममध्ये जाणाऱ्या आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठीही एक ओळ. पोषण संस्थेच्या याच मार्गदर्शिकेने प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितले आहे. फुटाणे, शेंगदाणे, अंडी, सोयाबीन, डाळ, सुकी मासळी हे सगळे किराणा दुकानात मिळते. डब्याच्या किमतीत महिनाभराची अंडी येतात.

आजीचे ताट

आरोग्याच्या नावाखाली जे काही दाखवले जाते त्यात ओट्स, किनोआ, अव्होकाडो असतात. आमच्या आज्या जे खात होत्या ते त्यात कधी दिसत नाही, आणि दिसले तर 'मिलेट' असे नवे नाव लावून, चौपट भावात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा ज्वारी-बाजरीचे कौतुक ऐकून आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या चक्रावल्या होत्या. भाकरी खाणे हे गरिबीचे लक्षण होते, म्हणून तर त्यांनी हौसेने मुलांना चपाती आणि पांढरा भात दिला होता.

इथे आपल्या समाजापुरते एक जास्तीचे पदर आहे. जे अन्न जातीमुळे आणि नाइलाजाने खावे लागले, त्याच्याविषयी मनात लाज आणि राग असणे स्वाभाविक आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या त्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, ती वाचताना ही लाज कुठून आली हे कळते. त्या ताटातले सगळेच परत आणायचे नाही. उपासमारीतून आलेल्या पदार्थांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, शेपू, तरोटा या भाज्या, हुलग्याचे माडगे, नाचणीची आंबील, शेवग्याचा पाला हे अन्न म्हणून उत्तम होते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, १०० मिली दुधात त्याच्या साधारण एक तृतीयांश. लाज अन्नाची नव्हती, ज्यांनी आपल्याला तिथे ठेवले त्यांची होती. आजी हयात असेल तर तिला विचारून भाज्यांची नावे लिहून घ्या, पाने ओळखायला शिका. आमच्या गटातल्या दोन मुलींनी हे केले तेव्हा त्यांना घरामागच्या मोकळ्या जागेतच तीन भाज्या सापडल्या. (गटाराच्या कडेची पाने मात्र तोडू नयेत. हे सांगावे लागते.)

दुसरा गोंधळ शाकाहाराचा. चांगले खाणे आणि शाकाहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाला प्राणिदयेपोटी किंवा धम्माच्या आपल्या समजुतीने मांस सोडायचे असेल तर तो त्याचा निर्णय आहे, पण मग डाळी-कडधान्य आणि दूध वाढवावे लागेल, नुसता बटाटा वाढवून भागणार नाही. ज्यांना खायचे आहे त्यांनी अंडी-मासे खाताना 'अनहेल्दी' असल्याचा न्यूनगंड बाळगू नये. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. मुलांच्या ताटातले अंडे कोणाला खुपते, याचा विचार कार्यकर्त्यांनी करायलाच हवा. तो या लेखाचा विषय नाही, म्हणून थांबतो.

संकल्प मोडतो त्या जागा

गेल्या वर्षीच्या कार्डशीटवर सह्या करणाऱ्यांना आम्ही नंतर विचारले, नेमका कुठे मोडला? 'इच्छाशक्ती कमी पडली' असे बहुतेकांनी आधी सांगितले. खोदून विचारले तेव्हा इच्छाशक्तीचा फारसा संबंध निघाला नाही. जागा आणि वेळा निघाल्या.

पहिली जागा अभ्यासिकेबाहेरची टपरी, संध्याकाळी पाच ते सहा. दुपारी बाराला जेवलेला मुलगा पाच वाजता भुकेला असतो, रात्रीचे जेवण दहाला. मधल्या दहा तासांत त्याच्या हाताला लागते ते वडापाव, खारी, क्रीमरोल आणि दोन-तीन चहा. चहाच्या लहान चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचा एक कप धरला तरी तीन कपांत दिवसाची मर्यादा पार होते. कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली एकटीच ती गाठते.

दुसरी जागा बैठका. आपल्याकडे बैठक संध्याकाळी सातला बोलावतात, साडेआठला सुरू होते आणि अकराला संपते. मध्ये चहा-बिस्किटे, शेवटी कोणीतरी दिलेले बिर्याणीचे किंवा पुरीभाजीचे पाकीट. कार्यकर्त्याचे रात्रीचे जेवण म्हणजे हे. महिन्यातून दोनदा झाले तर बिघडत नाही, पण एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीत हे रोज होते.

तिसरी जागा परगावी शिकणाऱ्यांची मेस. तिथे ताट आपल्या हातात नसते. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई-पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला भोजन भत्ता ३२,००० रुपये आहे. वर्षाच्या दिवसांनी भागले तर रोजचे ८७-८८ रुपये येतात. एवढ्यात दोन वेळचे जेवण आणि नाश्ता बसवायचा, आणि पैसे हप्त्याने येणार. या मुलांना 'रोज फळे खा' असे सांगणारे लेख वाचून चीड येते. आम्हालाही येते.

चौथी जागा घर, आणि तिच्याविषयी पुढे.

जागा कळल्या की उपाय तिथेच करता येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली एक साधी पद्धत मांडली, तिच्यावर पुढे पुष्कळ अभ्यास झाले. 'मी चांगले खाईन' असे न म्हणता 'जर अमुक वेळी अमुक झाले, तर मी तमुक करीन' असे आधीच ठरवून ठेवायचे. ऐन वेळी विचार करावा लागत नाही, कारण भुकेल्या पोटी केलेला विचार नेहमी वडापावच्या बाजूने जातो. आमच्या मुलांनी लिहिलेली काही वाक्ये अशी: 'पाच वाजता टपरीवर जायच्या आधी बॅगेतले मूठभर फुटाणे-शेंगदाणे खाईन, मग चहाला जाईन.' 'बैठक सातची असेल तर साडेसहाला घरी एक भाकरी खाऊनच निघेन.' 'कोणी चहा पुढे केला तर अर्धा कप, बिनसाखरेचा मागेन. नाहीच जमले तर कप हातात धरून बसेन.' शेवटचे वाक्य त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी स्वतः सुचवले. मान राखला जातो आणि साखरही पोटात जात नाही, असे ते म्हणाले.

मेसमधल्या मुलांसाठी हात घालता येईल अशा जागा कमी आहेत, पण आहेत. मेसच्या ताटाबरोबर स्वतःची एक गोष्ट जोडायची: एक उकडलेले अंडे, भिजवलेली मटकी, एक गाजर किंवा मुळा, मोसमात मिळणारा पेरू, रोज बदलत नाही बसायचे. भात दोनदा घेण्यापेक्षा उसळ किंवा वरण दोनदा मागायचे. चार-पाच जणांनी मिळून मेसवाल्या मावशींशी बोलले तर आठवड्यातून दोनदा बटाट्याऐवजी पालेभाजी मिळू शकते. आमच्या ओळखीच्या एका खोलीतल्या मुलांनी हे केले, मात्र पालेभाजी निवडून द्यायची जबाबदारी त्यांच्यावर आली. तो सौदा वाजवी होता.

पाकिटावरचे वाचायची सवयही लावावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पाम तेल असेल तर पाकिटावर पुढे 'मल्टीग्रेन' किंवा 'डायजेस्टिव्ह' काहीही लिहिलेले असो. दुधात घालायच्या पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नये, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले. आपल्या वस्तीतल्या आया पोटाला चिमटा काढून त्याच पावडरी आणत असतात.

राजा पसेनदी आणि सुदस्सन

आठवण करून देणारा माणूस जवळ असणे किती कामाचे असते, याची एक जुनी गोष्ट संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्तात आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भाताचे जेवण जेवत असे. असाच जेवून तो धापा टाकत तथागतांकडे आला. त्यांनी त्याला उपास सांगितला नाही, कोणता पदार्थ वर्ज्य करायलाही सांगितले नाही. भोजनात मात्रा ओळखणाऱ्याविषयी एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले, त्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाले.

आम्हाला या गोष्टीत तीन बाबी महत्त्वाच्या वाटतात. राजाने स्वतःच्या इच्छाशक्तीवर विसंबून राहणे टाळले, दुसऱ्या माणसाला कामाला लावले. आठवण नेमकी जेवणाच्या वेळी येईल अशी सोय केली, सकाळी उठल्यावर नव्हे. आणि बदल हळूहळू झाला. अट्ठकथेत तर असे आहे की गाथा ऐकून राजा शेवटचा घास सोडायचा आणि पुढच्या वेळी तेवढाच भात कमी शिजवला जायचा. एका घासाएवढा बदल! 'साखर बंद'ची कार्डशीट लावणाऱ्या आम्हाला हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे गणित सुचले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांची अडचण द्रोणभर भाताची नाही आणि शंभर कार्षापण तर कोणाकडेच नाहीत, पण सुदस्सन होणारा एक मित्र प्रत्येकाला मिळू शकतो. यंदा आम्ही जोड्या लावल्या आहेत. पाच वाजता एकाने दुसऱ्याला फक्त एवढेच विचारायचे: फुटाणे खाल्लेस का?

किती दिवस

'२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य सगळीकडे फिरते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२००९ साली प्रसिद्ध) खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस लागले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले की मार्चचा पहिला आठवडा येतो. म्हणजे आमची मुले २६ जानेवारीच्या जिलेबीला हरली तेव्हा अर्ध्या वाटेवरही पोचली नव्हती.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. पण 'बंद' असा संकल्प करणारा एका जिलेबीला मोडतो आणि मग 'आता गेलेच आहे तर' म्हणून चार खातो. 'रोज एक वाटी उसळ' असे ठरवणाऱ्याने जिलेबी खाल्ली तरी त्याची उसळ शिल्लकच असते. लग्न, हळद, बारसे, जलदानविधी या पंक्तींत बसावेच लागते. त्या दिवशी खावे. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी राहून त्याची भरपाई करू नये.

एका वेळी एकच बदल घ्यावा, फार तर दोन. वजनकाट्यावर रोज उभे राहू नये. त्याऐवजी महिन्याची किराणा यादी पाहावी: तेल-साखर किती उतरली, डाळ किती चढली. ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळले तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

स्वयंपाक कोण करणार

चौथी जागा घर, असे वर म्हटले होते. गेल्या वर्षी ज्या मुलांचा संकल्प घरात मोडला त्यांच्या आयांशी आम्ही बोललो. एक आई चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी सातला घरी येते. तिचा मुलगा म्हणाला होता, आजपासून मला भात नको, भाकरी दे. भात कुकरला लावला की ती दुसरे काम करू शकते. भाकरीसाठी तिला पाऊण तास ओट्यापाशी उभे राहावे लागते. तिने बारा दिवस भाकरी केली, तेराव्या दिवशी पाठ धरली. मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "घरून सपोर्ट नाही."

हे ऐकून आम्हाला आमचीच लाज वाटली, कारण कार्डशीट लावताना हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. मुलग्याचा संकल्प आणि आईचे कष्ट, अशी ती वाटणी होती. निवडायची पालेभाजी, भिजवायचे कडधान्य, थापायची भाकरी यांत वेळ जातो आणि तो जवळजवळ नेहमी घरातल्या बाईचा असतो. शिवाय सगळ्यांना वाढून झाल्यावर डाळ तळाला गेलेली असते, ती तिच्या ताटात पाण्यासारखी येते. ५४ टक्क्यांच्या त्या आकड्यात ही आई आहे.

रेशनचाही विचार इथेच करावा लागतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि त्याने पोट भरते, पण मुख्यतः तांदूळ आणि गहूच हातात येतो. त्यामुळे जे पैसे वाचतात ते डाळ, अंडी, भाजी यांकडे वळवता येतात का, हा हिशेब घरातल्या सगळ्यांनी बसून करायचा आहे. बचत गटातल्या आठ बायकांनी मिळून बाजार समितीतून मूग, मटकी, हुलगे एकत्र आणून वाटून घेतले, तेव्हा किलोमागे बरेच पैसे वाचले.

यंदाच्या कार्डशीटवर म्हणून दोन रकाने केले आहेत. डावीकडे 'मी काय खाणार' आणि उजवीकडे 'ते कोण करणार'. उजव्या रकान्यात 'आई' लिहायला मनाई आहे. पहिल्या दिवशी निम्मे रकाने रिकामेच राहिले. मग एकाने लिहिले, मंगळवार-शुक्रवार रात्री मटकी मी भिजवणार. दुसऱ्याने, रविवारी आठवड्याची भाजी मी निवडणार. पाठ धरलेल्या त्या आईचा मुलगा सध्या भाकरी शिकतो आहे. त्याच्या भाकऱ्या अजून नकाशासारख्या होतात, आणि पहिली भाकरी आईच्या ताटात वाढायची असे त्याचे त्यानेच ठरवले आहे.